ओकवृक्षाचा वैरी कोण?

व्याख्यानमालांच्या व्यासपीठांवरून अलीकडे एक गोष्ट फार आवडीने सांगितली जाते. कोणी एक फ्रेंच गृहस्थ अमेरिकेत गेला. रेशमाच्या लोभाने त्याने युरोपातून एका पतंगाची अंडी आणविली. त्यांतून निघालेले काही सुरवंट त्याच्या निष्काळजीपणामुळे घराबाहेर पडले. आणि त्या एका माणसाच्या मूर्खपणापायी अमेरिकेतील ओकवृक्षांची अरण्ये दीडशे वर्षे उजाड होत आहेत. येथे वक्ता क्षणभर थांबतो, आवाज खाली आणतो आणि तात्पर्य सांगतो : परकी वस्तू घरात घेऊ नये. टाळ्या पडतात. गेल्या महिन्यात अशाच एका सभेस आम्ही हजर होतो. वक्ते विद्वान होते, वाणी रसाळ होती, पडद्यावरील चित्रेही सुरेख होती. तथापि आमचे म्हणणे असे आहे की, ही गोष्ट जशी सांगितली जाते तशी ती अर्धीच आहे. आणि जो अर्धा भाग गाळला जातो, त्यातच खरा अपराध दडलेला आहे.

प्रथम त्या फ्रेंच गृहस्थाविषयी. एतिएन लेओपोल्ड ट्रुव्हेलो हा १८२७ साली जन्मला. लुई नेपोलियनने १८५१ मध्ये प्रजासत्ताक उलथून सत्ता बळकावली, त्यानंतर देश सोडून तो सहकुटुंब अमेरिकेत आला व मॅसॅच्युसेट्समधील मेडफर्ड ह्या गावी मर्टल रस्त्यावर राहू लागला. पेशाने तो चित्रकार. पण त्याच्या मनाने घेतले होते ते रेशीम. फ्रान्समधील रेशमाचा धंदा त्या वेळी किड्यांच्या रोगाने बसत चालला होता. खुद्द पाश्चरला त्याचे निदान करण्यास जावे लागले, ते ह्याच काळात. ट्रुव्हेलोने अमेरिकेतील पॉलिफीमस नावाच्या रानटी रेशीमपतंगास हाताशी धरले. हा पतंग म्हणजे आमच्या भंडारा-गडचिरोलीकडील टसर किड्याचा जवळचा भाऊबंद होय. घरामागच्या पाच एकर झुडुपांवर जाळी पसरून त्याने लाखो किडे वाढविले, आणि त्यांचा वृत्तांत शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. अशा माणसास लोभी म्हणणे हा शब्दाचा अपव्यय आहे. १८६८-६९ च्या सुमारास त्याने युरोपातील ज्या पतंगाची अंडी आणविली, त्याचा रेशीमकिड्याशी संकर करावा असा त्याचा बेत होता असे सांगतात. तो बेत चुकीचा होता, कारण दोघांची कुळेच वेगळी आहेत; आणि सुरवंट निसटले ही त्याची चूकही आम्ही झाकू इच्छीत नाही. परंतु एक गोष्ट आमचे वक्ते नेमकी विसरतात. ट्रुव्हेलोने आपल्या हातून घडलेला प्रकार लपविला नाही. जाणत्या लोकांच्या कानी घातला. इतकेच नव्हे, तर १८७० साली चार्ल्स रायली ह्या प्रख्यात कीटकशास्त्रज्ञाच्या नियतकालिकात, हा पतंग मॅसॅच्युसेट्समधील एका कीटकप्रेमी गृहस्थाच्या हातून देशात शिरला असून झपाट्याने पसरत आहे, असे छापूनही आले.

१८७० हे साल वाचकांनी ध्यानात ठेवावे. ह्या पतंगाविरुद्ध सरकारने पहिली रक्कम मंजूर केली ती १८९० मध्ये.

ह्या वीस वर्षांत काय घडले हे समजण्यास त्या जीवाची रीत थोडी जाणून घेतली पाहिजे. आमच्या सह्याद्रीत ओक उगवत नाही. येथल्या वाचकांपैकी पुष्कळांस तो शब्द आडनाव म्हणूनच अधिक परिचित असेल. हिमालयात तो बांज ह्या नावाने उगवतो व तेथील झऱ्यांचे पाणी त्याच्या आधाराने टिकते, असा पहाडी लोकांचा अनुभव आहे. पूर्व अमेरिकेतील अरण्यांत मात्र ओक हा केवळ एक वृक्ष नव्हे, तो त्या अरण्याचा पोशिंदा आहे. हरणे, खारी, अस्वले, रानकोंबडे, सारे त्याच्या फळांवर हिवाळा काढतात. आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील चेस्टनटवृक्ष एका परदेशी बुरशीने जवळजवळ नामशेष झाल्यावर तर पुष्कळ ठिकाणी त्या रिकाम्या जागेचा भारही ओकावरच पडला. अशा वृक्षावर हा पतंग तुटून पडतो. सुरवंट वसंतात, पालवी फुटताना, अंड्यांतून निघतात व सुमारे दोन महिने अखंड चरतात. तीनशेहून अधिक जातींची पाने ते खातात, परंतु त्यांची पहिली पसंती ओकालाच. एका उन्हाळ्यात पाने गेली म्हणून ओक मरत नाही. तो त्याच मोसमात दुसऱ्यांदा पालवतो. ह्या दुसऱ्या पालवीचा खर्च मात्र मुळांत साठविलेल्या पिष्टातून भागवावा लागतो. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच, तिसऱ्या वर्षी त्यात अवर्षणाची भर, की कोठार रिकामे पडते. मग सालीखाली पोखरणारे भुंगे आणि मुळांवरची बुरशी, ज्यांस धडधाकट झाड सहज दूर ठेवते, ती येऊन शेवट करतात. म्हणजे ओक मरतो तो घावाने नव्हे, वारंवारच्या उपासाने.

आणखी एक गोष्ट, आणि आमच्या मते ती साऱ्या प्रकरणाची किल्ली आहे. ह्या युरोपीय पतंगाची मादी उडू शकत नाही. तिला पंख आहेत, पण देह जड. जेथे कोशातून बाहेर पडते तेथेच आसपास ती पिवळसर लवेने झाकलेला अंड्यांचा पुंजका चिकटविते. एकेका पुंजक्यात शेकडो अंडी. कोवळे सुरवंट रेशमी धाग्यावर लोंबकळून वाऱ्यासरशी थोडे दूर जातात, इतकेच. मजल-दरमजल प्रवास त्याला घडवितो तो मनुष्य : गाडीच्या तळाला, जळाऊ लाकडाच्या मोळीला, अंगणातल्या खुर्चीला चिकटलेल्या पुंजक्याच्या रूपाने. जो शत्रू स्वतः चालू शकत नाही, ज्याचा पत्ता गावाच्या व रस्त्याच्या नावानिशी ठाऊक आहे, ज्याची बातमी छापून प्रसिद्ध झाली आहे, त्याला वीस वर्षे कोणी विचारले नाही. ट्रुव्हेलोने किड्यांचा नाद सोडला व तो आकाशाकडे वळला. हार्वर्डच्या वेधशाळेने त्याला १८७२ मध्ये बोलावून घेतले. सूर्यावरील ज्वाला, शनीची कडी, धूमकेतू ह्यांची त्याने काढलेली चित्रे आजही जगात वाखाणली जातात. १८८२ मध्ये तो फ्रान्सला परतला. त्याच्या जुन्या घराच्या आसपासचे लोक सुरवंट वेचून जाळीत राहिले व आपल्याच बागेची ही पीडा असे समजत राहिले.

१८८९ च्या उन्हाळ्यात बांध फुटला. मेडफर्डमधील लोकांनी त्या वर्षाच्या ज्या आठवणी पुढे सांगितल्या, त्या वाचताना अंगावर काटा उभा राहतो. घरांच्या भिंती सुरवंटांनी काळ्या झाल्या. पायवाटांवर पाय घसरू लागले. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या झाडांवर चाललेले चर्वण ऐकू येई. पाने संपली की सुरवंटांचे थवे रस्ता ओलांडून पुढच्या घराकडे निघत. भर उन्हाळ्यात झाडे पौषातल्यासारखी उघडी. तेव्हा कोठे कोणी ते सुरवंट ॲमहर्स्ट येथील शेतकी प्रयोगशाळेकडे धाडले. तेथील प्राध्यापक फर्नाल्ड त्या वेळी युरोपात होते. त्यांच्या पत्नी मरिया फर्नाल्ड ह्या स्वतः पतंगांच्या जाणकार. त्यांनी ग्रंथ चाळून हा युरोपातला अमुक पतंग, अशी ओळख पटविली. आमच्या वक्त्यांच्या गोष्टीत मूर्ख फ्रेंच माणसास जागा आहे, ह्या बाईंस नाही.

आता आम्ही खऱ्या मुद्द्याकडे येतो. १८९० पासून मॅसॅच्युसेट्सने जे काम आरंभिले ते साधे, कष्टाचे व पुष्कळसे हाताचे होते. शेकडो माणसे शिड्या घेऊन झाडाझाडावर चढत, अंड्यांचे पुंजके खरवडून काढीत किंवा त्यांवर क्रिओसोट चोपडीत. बुंध्यांभोवती गोणपाटाच्या पट्ट्या बांधीत, म्हणजे दिवसा सुरवंट त्याखाली आसऱ्याला येत व तेथेच चिरडले जात. ढोलीची तोंडे बुजवीत. विषाचाही वापर झाला. शिसे व सोमल ह्यांचे जे मिश्रण पुढे अर्धे शतक जगातील सफरचंदाच्या बागांवर फवारले गेले, ते १८९२ च्या सुमारास ह्याच पतंगासाठी सिद्ध झाले, आणि त्याचे अवशेष जुन्या बागांच्या मातीत आजही सापडतात. तेव्हा हे काम सर्वस्वी निर्मळ होते असे आम्ही म्हणत नाही. पण ते यशस्वी होत होते. दहा वर्षांत दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम खर्ची पडली, आणि १८९९ पर्यंत पतंग इतका विरळ झाला की सामान्य माणसास तो दिसेनासा झाला.

आणि म्हणून १९०० साली कायदेमंडळाने पैसा बंद केला! खर्च फार होतो, संकट अतिरंजित आहे, पतंग तर कोठे दिसत नाही, असे युक्तिवाद झाले. ज्या कामाचे यश म्हणजे काहीही न दिसणे, त्या कामास यशाइतका दुसरा शत्रू नाही. १९०० मध्ये सुमारे ३५९ चौरस मैलांत कोंडलेला पतंग, पुन्हा जाग येईपर्यंत, म्हणजे १९०५ साली, २,२०० चौरस मैलांवर पसरला होता. पाच वर्षांच्या काटकसरीचा हा हिशेब आहे. मूळ अपराध ट्रुव्हेलोचा असेल. पण तो अज्ञानातला, एका माणसाचा आणि कबूल केलेला. १९०० चा अपराध शहाण्या लोकांच्या बहुमताने, सगळे कागद समोर असताना, रीतसर ठराव करून झालेला आहे. आमचे वक्ते पहिल्यावर अर्धा तास बोलतात व दुसऱ्यावर चकार शब्द काढीत नाहीत, ह्याचे कारण उघड आहे. पहिल्या अपराधात श्रोत्यांपैकी कोणीही भागीदार नसतो.

प्रस्तुत लेखक मात्र दुसऱ्या जातीच्या अपराधात भागीदार आहे. एका जुन्या ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळावर तो काही वर्षे होता. त्या ग्रंथालयात दर पावसाळ्यापूर्वी वाळवीवर औषध घालण्याची चाल होती. एके वर्षी अंदाजपत्रक जुळेना. कोणी तरी विचारले, "गेल्या आठ-दहा वर्षांत वाळवी पाहिली आहे का कोणी?" कोणी पाहिली नव्हती. रक्कम खोडली गेली. सर्वांनी सह्या केल्या. चौथ्या पावसाळ्यानंतर तळमजल्यावरील एक कपाट उघडले, तो जुन्या मासिकांच्या बांधीव खंडांचे पुठ्ठे तेवढे ओळीने उभे, आणि हात लावताच आतून माती. ह्या प्रकरणाचा शेवट आम्ही पुढे सांगू.

ह्या ठिकाणी आमचे दुसरे प्रतिपक्षी पुढे येतील. हे निसर्गवादी गृहस्थ रेचेल कार्सनबाईंचे नाव घेऊन म्हणतील की, पतंगाशी युद्ध हाच मूळचा वेडेपणा. निसर्ग आपले आपण सावरतो. अमेरिकेने विमानांतून विष ओतले त्याचे काय झाले ते पाहा. पाहू या. १९२३ मध्ये कॅनडाच्या सरहद्दीपासून लाँग आयलंडपर्यंत पतंगास अडविण्यासाठी एक पट्टा आखला गेला. तोही पुढे टिकला नाही. महायुद्धानंतर डी. डी. टी. हाती आले, आणि ज्या सरकारास शिडीवरच्या माणसाचा रोज जड वाटत होता त्यास विमाने स्वस्त वाटू लागली. १९५७ मध्ये सुमारे ३० लाख एकरांवर तेलात कालविलेले डी. डी. टी. विमानांतून शिंपडले गेले : अरण्यांवर तसेच भाजीच्या वाफ्यांवर, तळ्यांवर, दुभत्या गाईंच्या कुरणांवर. मासे मेले, दुधात विष उतरले. लाँग आयलंडचे रहिवासी, पक्षिशास्त्रज्ञ रॉबर्ट कुशमन मर्फी ह्यांच्या पुढाकाराने, न्यायालयात गेले व हरले; १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे गाऱ्हाणे ऐकण्याचेही नाकारले. ह्याच फवारणीची हकीकत कार्सनबाईंनी १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग' ह्या ग्रंथात मांडली, आणि त्यांचा प्रत्येक शब्द आम्हांस मान्य आहे. परंतु तो उद्दामपणा आला कोठून? जी पीडा ३५९ चौरस मैलांत हाताने आवरता येत होती ती आवरली नाही, म्हणून लाखो एकरांवर विमाने पाठविण्याची पाळी आली. १९५७ चे विमान हे १९०० च्या कंजूषपणाचे अपत्य आहे. बापाचे नाव न घेता पोराला शिव्या देणे हा न्याय नव्हे.

आणि निसर्ग आपले आपण सावरतो काय? ह्या प्रश्नाचे उत्तर ज्यांस 'होय' असेच हवे असेल त्यांना थोडा पुरावा मिळेल, हे आम्ही मान्य करतो. जपानातून १९१० च्या सुमारास एक बुरशी आणून सोडण्यात आली होती; तो प्रयोग फसला असे सर्वांनी धरले. १९८९ मध्ये तीच बुरशी ईशान्येकडील राज्यांत अकस्मात प्रकटली व सुरवंट झाडांवरच मरून लोंबू लागले. १९८१ ह्या एका वर्षी सुमारे १ कोटी २९ लाख एकर अरण्य निष्पर्ण करणाऱ्या पतंगास तिने पुढे पुष्कळ वर्षे जेर ठेवले. पण ती बुरशी पावसावर जगते. न्यू इंग्लंडमध्ये अवर्षणाची वर्षे येताच ती थंडावली, आणि २०१७ मध्ये एकट्या मॅसॅच्युसेट्समध्ये नऊ लाख एकरांहून अधिक झाडी उघडी पडली. मागोमाग ओक हजारोंनी वाळले. शिवाय ती बुरशीदेखील मनुष्यानेच आणलेली, तेव्हा 'आपले आपण' हे शब्द येथे लागू पडत नाहीत. दुसरा मदतनीस तर घरच्यांवरच उलटला. पतंगाचा नाश करावा म्हणून १९०६ पासून युरोपातील एक माशी सोडण्यात आली. पतंगाची पिढी वर्षास एक, माशीच्या अनेक. तेव्हा उरलेल्या काळात तिला दुसरे भक्ष्य हवेच. तिने ते सीक्रोपियासारख्या अमेरिकेच्या राजस रेशीमपतंगांत शोधले, आणि ते पतंग न्यू इंग्लंडमध्ये दुर्मिळ झाले त्यात ह्या माशीचा मोठा हात असल्याचे संशोधकांनी दाखविले आहे. ज्या रेशीमपतंगांच्या प्रेमाने ट्रुव्हेलो ह्या भानगडीत पडला, त्यांच्याच गोतावळ्यावर हा प्रसंग आला.

नावाविषयी दोन शब्द. इंग्रजीत ह्या पतंगास शतकाहून अधिक काळ 'जिप्सी मॉथ' म्हणत. भटक्या रोमानी लोकांचे नाव एका पीडेस चिकटविणे अनुचित, म्हणून अमेरिकेतील कीटकशास्त्रज्ञांच्या संस्थेने २०२१ मध्ये ते टाकले व २०२२ मध्ये 'स्पंजी मॉथ' हे नाव स्वीकारले. अंड्यांचा पुंजका स्पंजासारखा दिसतो म्हणून. ह्यावर आमच्या वक्त्यांनी 'नाव बदलून कीड मरत नाही' असा विनोद केला व तो चांगला रंगला. विनोद ठीक, पण नावाने तपासाची दिशा चुकते हे आम्हां मराठी लोकांस तरी समजावे. गाजरगवताला आपण 'काँग्रेस गवत' म्हणून मोकळे झालो, आणि ते पी. एल. ४८० च्या अमेरिकन गव्हाबरोबर आले हे प्रत्येक शाळकरी पोर सांगू लागले. तो करार १९५६ च्या ऑगस्टातला. पुण्यातील गाजरगवताची नोंद त्याच्या आधीची. पण दोषी सापडल्याच्या समाधानात ते उपटावयाचे कोणी, आणि दर वर्षी फुलावर येण्यापूर्वी उपटावयाचे, ही गोष्ट राहून गेली ती राहूनच गेली.

अमेरिकेत सध्या काय चालले आहे हे सांगून आम्ही हा विषय आवरता घेतो. पतंग समूळ नाहीसा करण्याची भाषा तेथे आता कोणी करीत नाही. त्याच्या मादीचा गंध रसायनशाळेत तयार करून, त्या गंधाचे हजारो कागदी सापळे प्रसाराच्या आघाडीवर, विस्कॉन्सिनपासून नॉर्थ कॅरोलिनापर्यंत, दर उन्हाळ्यात टांगले जातात. एखाद्या सापळ्यात नर अधिक सापडले की तेवढ्याच टापूत उपाय. बहुधा तोच गंध हवेत पसरून नरांस भुलविणे, की मादी सापडूच नये. गेल्या शतकाच्या अखेरीपासून देशव्यापी झालेल्या ह्या योजनेने प्रसाराचा वेग निम्म्याहून कमी केला आहे. हे काम १८९० च्या गोणपाटी पट्ट्यांचेच वंशज आहे : लहान, नेमके, दर वर्षी नव्याने करावयाचे. त्यासाठी दर वर्षी पैसा मंजूर व्हावा लागतो, आणि बहुतेक सापळे रिकामेच निघतात.

आता त्या ग्रंथालयाचा शेवट. कपाट उघडल्यानंतर मंडळाची तातडीची सभा झाली. दोन तास चर्चा चालली. वाळवी आली कोठून? तीन वर्षांपूर्वी परगावच्या एका गृहस्थांनी आपल्या वडिलांची पुस्तके एका लाकडी पेटीतून भेट दिली होती, ह्याची एका सभासदास आठवण झाली. पेटी जुनी होती. झाले, वाळवी त्या पेटीतूनच आली असली पाहिजे, असे एकमताने ठरले व तशी इतिवृत्तात नोंद झाली. औषधाच्या खोडलेल्या रकमेचा उल्लेख त्या सभेत कोणीही केला नाही. प्रस्तुत लेखकानेही केला नाही.